आधी फ्यूज पाहावा : मोबाइल व संगणकाबाबत सभासदांसाठी काही सूचना



बेणे, खते आणि पाणी यांविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले. गटातील एका सभासदाचा मोबाइल सारखा हँग होऊ लागला होता. कामानिमित्त ते नाशिकला गेले असता द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात त्यांनी तो दाखवला. दुकानदाराने फोन फॉरमॅट करून दिला. फोन झकास चालू लागला, पण मागील तीन हंगामांच्या वजनपावत्यांचे आणि लागणीच्या नोंदीचे फोटो गेले. पुढे एका खेपेच्या टनेजचा मेळ लागेना. कागदी पावती तर आधीच भिजून गेलेली! काट्यावरच्या नोंदी शोधून हिशेब लागेपर्यंत पंधरा दिवस हेलपाटे झाले. मूळ दुखणे काय, तर फोनमधली जागा भरली होती, एवढेच.

विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण ती लगेच रिवाइंडिंगला टाकतो का? आधी लाईट आहे का ते पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोबाइल-संगणकाचेही तसेच आहे. बिनखर्चाचे उपाय आधी, खर्चाचे नंतर आणि फॉरमॅट सर्वांत शेवटी.

१. फोन हँग होत असल्यास : प्रथम फोन बंद करून पुन्हा चालू करावा. नंतर सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडून किती जागा शिल्लक आहे ते पाहावे. बहुतेक फोन 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी भरलेले असतात. ते पुसावेत आणि व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करावी. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

२. चार्ज होत नसल्यास : दुसरी केबल व दुसरा चार्जर लावून पाहावा. तरी होत नसेल तर फोन बंद करून चार्जिंगच्या खाचेत बॅटरीचा उजेड टाकावा. शेतातली धूळ आत दडपून बसते. ती कोरड्या लाकडी टूथपिकने हळूच काढावी, टाचणी मुळीच घालू नये. रात्री पाणी भरताना फोन पाटात पडला तर तो बंद करून वाऱ्यावर वाळवावा, ओला असताना चार्जिंगला लावू नये. तांदळात पुरून ठेवण्याने फायदा नाही, उलट तांदळाची पूड आत जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र फोन वापरणे थांबवून ती बदलून घ्यावी.

३. जुना संगणक : १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. तेव्हापासून 'आता नवाच घ्या' असे अनेकांना सांगितले जाते. घाई करू नये. संगणक विंडोज ११ पेलणारा असेल तर ते बिनपैशात मिळते. पेलणारा नसेल तर लिनक्स आहे. १९९१ साली सुरू झालेली ही प्रणाली मोफत तर आहेच, शिवाय तिची मूळ रचना कोणालाही पाहता व सुधारता येते. 'लिनक्स मिंट' किंवा आपल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही त्याचीच रूपे. पत्रे आणि हिशेबाचे तक्ते यांसाठी 'लिब्रेऑफिस' मोफत असून ते मराठीतही चालते. मात्र आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे, प्रिंटर चालतो का ते तपासावे. सोसायटीचा हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालणारा असेल तर बदल करू नये.

४. मराठी अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसल्यास : फाइल बिघडलेली नसते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेली असत, म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर घोटाळा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. सचिवांनी यापुढील याद्या युनिकोडमध्येच टाइप कराव्यात.

५. नोंदी जपणे : हे सर्वांत महत्त्वाचे. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरतो आणि टनेजचा पुरावा म्हणजे वजनपावती. त्यांचे फोटो केवळ फोनमध्ये ठेवू नयेत. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक गूगल खात्यात असावी. दुकानात फोन देण्यापूर्वी 'यातला डेटा जाईल का?' असे स्पष्ट विचारावे, सिमकार्ड काढून घ्यावे आणि पैशांच्या ॲपचा पिन कोणालाही सांगू नये.

व्हॉट्सॲपवर पीएम किसान किंवा वाहनदंडाच्या नावाने 'एपीके' फाइल आली, तर ती ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी उघडू नये. तिच्यातून फोनमधले ओटीपी चोरले जातात. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा व बँकेला कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणखी एक. फोनवर *#०६# दाबल्यास आयएमईआय क्रमांक दिसतो, तो वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी' या सरकारी सेवेवर तो बंद करता येतो.

यातले बहुतेक काम घरातली शाळकरी मुलेही करून देतील. गळीत हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वी अर्धा तास काढून आपल्या पावत्यांची दुसरी प्रत प्रत्येकाने करून ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी,
शेतकी विभाग