कार्डिओग्राम : घाबरू नका, पण उशीरही करू नका

छातीत दुखू लागले की आपल्या घरात पहिला शब्द निघतो, 'गॅस झाला असेल.' मग कोणी ओवा चावायला देते, कोणी सोडा पाजते, कोणी पाठ चोळते. दुखणारा माणूसही म्हणतो, 'कामाचा खाडा नको, सकाळी बरे वाटेल.' कधी तो खरोखरच गॅस असतो. पण कधी तो हृदयविकाराचा झटका असतो आणि वाट पाहण्यात रात्र निघून जाते. दोन्हींतला फरक घरात बसून कळत नाही. त्यासाठीची पहिली, सोपी तपासणी म्हणजे ईसीजी. आपण तिला कार्डिओग्राम म्हणतो, किंवा 'पट्टी काढणे.'

या यंत्रातून शॉक बसतो असे पुष्कळांना वाटते. हा समज चुकीचा आहे. यंत्र शरीरात वीज सोडत नाही. हृदयात जी अत्यंत सौम्य वीज आपोआप निर्माण होते, तिची ते फक्त नोंद घेते. हॉलंडचे शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशी नोंद घेणारे यंत्र तयार केले, तेव्हा त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज तेच यंत्र एका हातात उचलून नेता येते.

तपासणी कशी होते? रोग्याला खाटेवर उताणे झोपवतात. छातीवर सहा ठिकाणी आणि हातापायांना चार ठिकाणी वायरी जोडतात. पाचएक मिनिटांत काम होते आणि दुखत मुळीच नाही. छाती उघडी करावी लागते म्हणून आपल्या भगिनी संकोचतात. त्यांनी नर्सबाई आणि अंगावर चादर अवश्य मागावी, पण लाजेपोटी तपासणी टाळू नये.

पट्टीवर आधी लहान उंचवटा दिसतो. ते हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे काम. मग उंच टोक येते, ते खालच्या कप्प्यांचे. शेवटचा उंचवटा म्हणजे हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होते आहे. ठोक्यांची गती, त्यांतली अनियमितता आणि स्नायूला झालेली इजा डॉक्टर यावरून ओळखतात.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पट्टी त्या घटकेपुरतेच सांगते. झटका सुरू असतानाही पहिली पट्टी कधी कधी साधी येते. म्हणून 'पट्टी नॉर्मल आहे' एवढ्यावर घरी निघू नका. दुखणे चालूच असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते पुन्हा पट्टी काढतात, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात.

जुनी पट्टी फेकू नका. नवीन पट्टीशी ताडून पाहिली की बदल लगेच कळतो. पट्टीचा कागद उन्हाने, उष्णतेने पुसट होतो. म्हणून तिची झेरॉक्स काढून रेशनकार्डासोबत जपून ठेवा.

छातीत दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, दम लागणे, मळमळ ही लक्षणे ओळखा. मधुमेह असलेल्यांना, स्त्रियांना आणि वृद्धांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अशा वेळी रोग्याला चालवू नका, जिने चढायला लावू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. एका दिवसाचा खाडा भरून निघेल, गेलेला माणूस परत येत नाही.