गणिताची धास्ती आणि एमबीए सीईटी
महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत 200 प्रश्न, वेळ 150 मिनिटं. त्यांत गणिताचे 50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी कला शाखेतली हुशार मुलं ‘गणित आपल्या डोक्यावरून जातं’ म्हणत अर्जच भरत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. इथलं बरंचसं गणित दहावीपर्यंतचंच: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी. किंमत 20 टक्के वाढवून पुन्हा 20 टक्के उतरवली, तर? 100 धरा. आधी 120, मग 96. म्हणजे 4 टक्के घट. सूत्र लागलंच नाही. धास्तीनं होतं असं, की हिशेब करताना आकडे धरून ठेवणारी स्मरणशक्ती काळजीतच गुंतते आणि येणारं गणितही चुकतं. म्हणून सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवा. चुकलेलं उदाहरण दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा मांडा. वेळ लावून सराव त्यानंतर.