सर्वसहमती : एका संज्ञेचा अर्थविचार

'बहुमत', 'एकमत' व 'सर्वसहमती' या संज्ञा पुष्कळदा एकमेकींऐवजी योजल्या जातात. त्यांतील अर्थभेद किती मोलाचा आहे, हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाच्या कारभारावरून स्पष्ट होते.

बहुमतात मते मोजली जातात आणि अल्पसंख्यांचा विरोध निर्णयानंतरही शिल्लक राहतो. एकमतात सर्वांचा विचार एकच असल्याचे गृहीत असते. सर्वसहमतीत विचार भिन्न असू शकतात. मात्र ज्याला कोणाचाच विरोध उरलेला नाही, असाच निर्णय ग्राह्य होतो. मेंढ्याच्या ग्रामसभेत प्रौढ स्त्रीपुरुष एकत्र बसतात. विरोध उरल्यास निर्णय पुढे ढकलला जातो. वरवर पाहता ही पद्धती संथ, किंबहुना एकेका व्यक्तीस नकाराधिकार देणारी वाटेल. त्यावर उपाय म्हणून अभ्यासगटाची योजना आहे. तेथे प्रश्नाची माहिती मिळवून मोकळी चर्चा होते, बाहेरचे जाणकारही येतात. परंतु निर्णयाचा अधिकार ग्रामसभेचाच.

या संथपणाचे कारण सामायिक जंगलात आहे. जंगलाची राखण मुख्यतः प्रत्येकाने नियम पाळण्यावर अवलंबून असते. ज्याच्यावर नियम लादला गेला, त्याची कुऱ्हाड रात्री कोण अडविणार?

२००९ मध्ये वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या विक्रीस अडथळा आला, तो एका शब्दाच्या व्याख्येचा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना 'वृक्षा'त होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. वनस्पतिशास्त्र तर त्याला तृणकुलातच घालते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. १९२७ च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो २०१७ च्या दुरुस्तीने.

'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची प्रसिद्ध घोषणा. पूर्वार्धातील 'आमचे' ही षष्ठी केवळ संबंध दाखविते. उत्तरार्धातील 'आम्हीच' ही प्रथमा तादात्म्य सांगते. प्रतिनिधींकरवी चालणारे सरकार 'आमचे' असू शकते. परंतु 'आम्हीच सरकार' हे विधान सर्वसहमतीवाचून खरे ठरत नाही. बहुमताने एकालाही वगळले, की 'आम्ही' या सर्वनामाचा अर्थच उणा होतो.