सफरचंदाची साय

संपादकांनी ‘पारनेर आणि सफरचंद’ असा विषय दिला तेव्हा आधी हसूच आलं. डाळिंब, कांदा ठीक; सफरचंद? पण हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी परसात उगवलेल्या रोपातून ‘एचआरएमएन-९९’ हे वाण काढलं, त्याला बर्फाळ थंडी लागत नाही. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झाडं महाराष्ट्रातही लागली. फळाचं पुढे करायचं काय, हा खरा प्रश्न. काश्मिरी पेटीशी भावात झुंजण्यापेक्षा रस आंबवून सायडर करावा, असं कुणालाही सुचेल.

इथे मला एरिक बोर्दले आठवतो. पॅरिसच्या ‘आर्पेज’ रेस्तराँमध्ये गिऱ्हाइकांना वाइन सुचवणारा हा माणूस १९९२ मध्ये नॉर्मंडीच्या सीमेलगत घरच्या बागेत परतला आणि नैसर्गिक वाइनवाल्यांचा शिरस्ता त्यानं सफरचंदाला लावला. आधी माती, मग झाड. यीस्ट विकत आणायचं नाही, फळाबरोबर येतं तेच पुरतं.

त्या भागातली एक जुनी रीत मला भलतीच भावते. पिकलेली फळं ठेचून रात्रभर तशीच ठेवायची, मग रस पिळायचा. फळातलं पेक्टिन कॅल्शियमशी बांधलं जाऊन थुलथुलीत होतं. आंबण्याचे पहिले बुडबुडे ते वर ढकलतात. पिंपात दुधावर धरावी तशी जाड तपकिरी साय येते. ती यीस्टचं बरंचसं खाद्य वर ओढून नेते. खालचा नितळ रस अलगद काढला की उपाशी यीस्ट महिनोन् महिने रेंगाळतं आणि गोडवा शिल्लक राहतो. आंबणं घाईनं उसळलं, तर साय फुटते आणि डाव संपतो.

हा सगळा खेळ थंडीच्या जिवावर. तिकडे फळ शरदात येतं, पुढे हिवाळा असतो. आपलं हे वाण जूनमध्ये पिकतं! म्हणजे गार पाण्याच्या कवचाच्या स्टीलच्या टाक्या आल्या, वीज आली. शेजारच्या नारायणगावात इंडेज कंपनीनं १९८०च्या दशकात फेसाळती वाइन केली होती, पण तिच्यामागे मोठं भांडवल होतं.

शिवाय अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातच. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा दिली, तेव्हा अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला होता. सायडर वाइनहून सौम्य असतो, हे तिथल्या ग्रामसभेला कोण पटवणार?

माझं मत विचाराल तर पारनेरकरांनी आधी व्हिनेगर करावा. त्याच्या जिवाणूंना ऊब हवीच असते, आणि त्यावर उपोषणाला कुणी बसणार नाही.