बूच न काढता पारखायची वाइन

रोमाने-काँती हे एका द्राक्षमळ्याचे नाव आहे आणि त्या मळ्यातल्या वाइनचेही. पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, दिजाँ आणि बोन या दोन शहरांच्या दरम्यान व्होन-रोमाने नावाचे खेडे आहे. गावाच्या वरच्या अंगाला, उगवतीकडे उतरणाऱ्या टेकडीवर हा मळा पसरला आहे. ‘पसरला’ म्हणणेही जास्तच, कारण त्याचे क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. भोवती बुटकी दगडी भिंत, कडेला एक दगडी क्रूस आणि आत पिनो न्वार जातीच्या ठेंगण्या वेली. वर्षाकाठी येथून पाच-सहा हजार बाटल्या निघतात. पीक बेताचे असेल तर त्याहून कमी. त्यांतलीच १९४५ सालची एक बाटली १३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने हे चार कोटी रुपयांहून अधिक झाले, तेही पाऊण लिटरला. लिलावात वाइनच्या एका बाटलीला त्याआधी एवढी किंमत कधी मिळाली नव्हती.

ही किंमत कशी ठरते याचे अर्धे उत्तर जमिनीत आहे आणि अर्धे कागदांत.

बर्गंडीत वाइनची ओळख कंपनीच्या नावाने होत नाही, जमिनीच्या तुकड्याने होते. असे नावानिशी ओळखले जाणारे, हद्दी ठरलेले १,२४७ तुकडे या टापूत आहेत. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. उताराच्या माथ्यावर माती पातळ, पायथ्याशी पाणी साचते. मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चिकणमाती यांचे प्रमाण जुळून येते आणि सकाळचे ऊन आधी लागते. रोमाने-काँती या मधल्या पट्ट्यात आहे. पण त्याच पट्ट्यात त्याच्या बांधाला बांध लावून आणखीही नामांकित मळे आहेत: उत्तरेला रिशबूर, दक्षिणेला ला ग्रांद र्यू, वर ला रोमाने, खाली रोमाने-सँ-व्हिव्हाँ. द्राक्षाची जात तीच, पाऊस तोच. तरी बांध ओलांडला की बाटलीचा भाव कितीतरी पटींनी उतरतो. हा फरक निव्वळ मातीने पडतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. काही भाग चवीचा, काही नावाचा, आणि नाव घडायला काही शतके लागली आहेत.

तेराव्या शतकात ही जमीन सँ-व्हिव्हाँच्या मठाकडे होती. १६३१ मध्ये ती क्रूनेम्बर्ग घराण्याकडे गेली. त्यांच्या काळात तिला ‘रोमाने’ हे नाव पडले. १७६० मध्ये राजघराण्यातल्या प्रिन्स द काँतीने मळा विकत घेतला आणि येथली वाइन बाजारात न पाठवता आपल्या पंगतीसाठी राखली. पुढे राज्यक्रांती झाली, सरदारांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या आणि १७९४ मध्ये हा मळाच लिलावात निघाला. जुन्या मालकाचे नाव जमिनीला चिकटले ते याच सुमारास. ज्याच्या बाटल्यांसाठी आज बोली लागते, तो मळा स्वतः एकदा हातोड्याखाली गेला होता. १८६९ मध्ये तो झाक-मारी द्युव्हो-ब्लोशे या व्यापाऱ्याने घेतला. आजच्या मालकांपैकी द व्हिलेन घराणे त्याच्याच वंशातले. १९४२ मध्ये निम्मा हिस्सा आंरी लरुआ यांनी घेतला. तेव्हापासून ‘दोमेन द ला रोमाने-काँती’ ही संस्था या दोन घराण्यांची आहे. शेजारचा सुमारे सहा हेक्टरांचा ला ताश हा मळाही १९३३ पासून पूर्णपणे तिच्याच मालकीचा आहे. शिवाय रिशबूर, एशेझो, मोंराशे अशा इतर मळ्यांत तिचे तुकडे आहेत. जमीन दबू नये म्हणून रोमाने-काँतीत आजही घोड्याच्या नांगराने मशागत होते.

१९४५ या सालाला एवढे मोल का आले, हे समजण्यासाठी एका किडीकडे वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची सूक्ष्म कीड युरोपात आली आणि वेलींच्या मुळांतला रस शोषून तिने मळेच्या मळे वाळवले. त्यावर टिकाऊ उपाय एकच निघाला: किडीला दाद न देणारा अमेरिकन खुंट लावायचा आणि त्यावर फ्रेंच जातीचे कलम भरायचे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना डॉगरिज खुंटावर कलम भरणे माहीत आहे; कारण वेगळे, तंत्र तेच. रोमाने-काँतीच्या मालकांना मात्र जुन्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेली मोडवत नव्हत्या. जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून त्यांनी त्या कित्येक दशके जगवल्या. दुसऱ्या महायुद्धात हे रसायन मिळेना, मजूरही मिळेनात. वेली खंगत गेल्या. १९४५ च्या वसंतात उशिरा हिमकडाका पडला आणि उरलासुरला बहरही गळाला. पुढचा उन्हाळा मात्र कडक आणि कोरडा गेला. द्राक्षे थोडी पण रसाने घट्ट आली. वाइन झाली फक्त ६०० बाटल्या. त्यानंतर वेली उपटण्यात आल्या, १९४७ मध्ये कलमी वेली लावल्या गेल्या आणि नवी वाइन आली ती थेट १९५२ ची. मधली सहा वर्षे रोमाने-काँती नावाची वाइन झालीच नाही. म्हणजे जुन्या मुळांचे शेवटचे पीक, युद्ध संपल्याचे साल आणि सहाशे बाटल्या अशी तिहेरी गाठ या एका लेबलवर पडली आहे.

येथे ‘व्हिंटेज’ या शब्दाचा खुलासा केलेला बरा. व्हिंटेज कारमुळे आपल्याकडे त्याचा अर्थ ‘जुने’ असा रुजला आहे. वाइनच्या बाबतीत व्हिंटेज म्हणजे द्राक्षे ज्या हंगामात तोडली ते साल; गेल्या वर्षीच्या वाइनलाही व्हिंटेज असतेच. आणि जुनी वाइन चांगलीच, हाही गैरसमज. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनते. ठेवली तर मुरत नाही, बिघडते. मोजक्याच वाइनमध्ये आम्लता, तुरटपणा देणारे टॅनिन आणि फळाचा गर यांचा मेळ असा असतो की बाटलीत दशकानुदशके सावकाश बदल घडत राहतात. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडून जड होतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात, लाल रंग विटकरी होतो, ताज्या फळाचा वास मावळून ओली माती, सुकी पाने, अळिंबी असे वास वर येतात. त्यासाठी तळघर लागते: बारा-तेरा अंश सेल्सियसचे स्थिर तापमान, काळोख, आणि बूच सुकू नये इतका हवेतला ओलावा. एक उन्हाळा गरम खोलीत काढलेली बाटली लेबलवरून ओळखू येत नाही. चवीवरून येते, पण तेव्हा उशीर झालेला असतो.

दोमेनची नवी वाइन कोणालाही दुकानातून सहज घेता येत नाही. देशोदेशींच्या ठरलेल्या वितरकांना ठरलेला कोटा जातो. पूर्वी अनेक वर्षे बारा बाटल्यांच्या पेटीत रोमाने-काँतीची एकच बाटली असे, बाकीच्या अकरा दोमेनच्या इतर मळ्यांच्या. एक हवी तर बाराही घ्या, असा मामला. ज्यांना या रांगेत जागा नाही किंवा ज्यांना जुनी साले हवीत, त्यांच्यासाठी लिलावाखेरीज फारशी वाट उरत नाही.

लंडनमध्ये जेम्स ख्रिस्ती यांनी ५ डिसेंबर १७६६ रोजी जो पहिला लिलाव पुकारला, त्या यादीतही मदेरा आणि क्लॅरेट या वाइन होत्या. त्यांच्या ‘ख्रिस्तीज’ या संस्थेने वाइनचा स्वतंत्र विभाग मात्र १९६६ मध्ये, मायकल ब्रॉडबेंट यांच्या हाताखाली नव्याने उभा केला, आणि आजच्या बाजाराची घडी तेव्हापासून बसली. २००८ मध्ये हाँगकाँगने वाइनवरचा कर काढून टाकल्यावर बाजाराचा तोल आशियाकडे झुकला. दोनच वर्षांनी तेथे बोर्दोच्या शातो लाफीतच्या १८६९ सालच्या तीन बाटल्या प्रत्येकी २,३२,६९२ डॉलरला विकल्या गेल्या. खुद्द बर्गंडीत बोन येथे १८५९ पासून दर नोव्हेंबरात भरणारा लिलाव निराळ्या जातीचा. तेथे जुन्या बाटल्या नसतात. रुग्णालयाच्या मालकीच्या मळ्यांची त्या वर्षीची कच्ची वाइन २२८ लिटरच्या पिंपांनी विकली जाते आणि पैसा रुग्णालयाकडे जातो.

जुन्या बाटल्यांच्या लिलावात आधी विक्रेता आपला साठा लिलावगृहाकडे सोपवतो. तज्ज्ञ बाटल्या तपासून यादी छापतात, प्रत्येक नगाला अंदाजी किंमत आणि विक्रेत्याशी ठरवून एक गुप्त किमान किंमत लावतात. हातोडा पडतो ती किंमत अखेरची नसते. तिच्यावर खरेदीदाराचे कमिशन चढते. २०१८ च्या त्या बाटलीवर हातोडा ४,५०,००० डॉलरला पडला आणि २४ टक्के चढून रक्कम ५,५८,००० झाली. अंदाजी किंमत होती जास्तीत जास्त ३२,०००. त्याच साठ्यातली १९४५ ची दुसरी बाटली ४,९६,००० डॉलरला गेली. अंदाज असा सपशेल चुकला तो चवीच्या भरवशावर नव्हे, कारण ती बाटली कोणी चाखली नव्हती. तो चुकला मालकाच्या नावामुळे. साठा बोनचे वाइन व्यापारी रोबेर द्रुएँ यांच्या तळघरातला होता. त्यांची पेढी १९२८ ते १९६४ या काळात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये दोमेनची एकमेव वितरक होती. मळ्यातून निघालेली बाटली काही मैलांवरच्या तळघरात आली आणि सत्तर वर्षे हलली नाही. या व्यापारात याला ‘प्रॉव्हनन्स’ म्हणतात. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात सातबारा आणि जुने फेरफार पाहतात, तसेच काहीसे.

कागद नसतील तिथे बाटलीलाच बोलते करावे लागते. भिंगाखाली छपाई पाहतात: शिळाप्रेसची आहे की नंतरच्या ऑफसेटची. अतिनील दिवा धरला की हल्लीचा कागद निळसर चमकतो, जुना चमकत नाही. बुचावर साल डागलेले असते. वर्षे सरतात तशी बुचातून वाइन कणाकणाने उडते. म्हणून बुचाखाली किती रिकामी जागा आहे हे मोजतात, उतरत्या गळ्याच्या बर्गंडी बाटलीत सेंटिमीटरमध्ये, खांदेवाल्या बोर्दो बाटलीत खांद्याच्या खुणेने. पन्नास वर्षांच्या बाटलीत वाइन काठोकाठ असेल तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. दोमेन आपल्या लेबलवर त्या वर्षी किती बाटल्या निघाल्या आणि हातातली कितवी, हे दोन्ही छापते. पण आकडेही खोटे छापता येतात.

खोटेपणाचे सर्वांत गाजलेले प्रकरण बोर्दोचे आहे. ५ डिसेंबर १९८५ रोजी, म्हणजे योगायोगाने ख्रिस्तीजच्या पहिल्या लिलावाच्याच तारखेला, १७८७ ची म्हटलेली लाफीतची बाटली १,०५,००० पौंडांना गेली. काचेवर ‘टीएच. जे.’ अशी अक्षरे कोरली होती आणि ती अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांची असल्याचे सांगितले गेले. ही बाटली एका जर्मन संग्राहकाकडून आली होती; त्याच्याकडून आलेल्या अशाच चार बाटल्या अमेरिकन उद्योगपती बिल कोच यांनी घेतल्या आणि पुढे तपास लावला. जेफरसन यांच्या काटेकोर वह्यांत त्यांचा मागमूस नव्हता. कोरीव काम विजेवर चालणाऱ्या हत्याराचे निघाले. एका फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने बाटली न उघडता गॅमा किरणांवरून सीझियम-१३७ शोधून पाहिले. अणुचाचण्यांनंतर पिकलेल्या द्राक्षांत ते असते. ते सापडले नाही. पण त्यावरून वाइन १९४५ च्या आधीची एवढेच ठरले, अठराव्या शतकाची नव्हे.

बर्गंडीला हादरवले ते रुडी कुर्नियावान याने. इंडोनेशियात जन्मलेला हा तरुण लॉस एंजेलिसमध्ये राहून रोमाने-काँती अशी झपाटल्यागत विकत घेई की मित्र त्याला ‘डॉ. काँती’ म्हणत. २००६ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका लिलावात २.४७ कोटी डॉलरचा साठा विकला. उंची हॉटेलांत मैफल जमवून तो जुनी साले उघडी आणि रिकाम्या बाटल्या आठवण म्हणून मागून घेई. २००८ मध्ये त्याने क्लो सँ-दनी मळ्याच्या पाँसो पेढीच्या १९४५ पासूनच्या बाटल्या लिलावाला काढल्या. पेढीचे लोराँ पाँसो स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि त्या मागे घ्यायला लावल्या, कारण त्या मळ्याची वाइन त्यांच्या घराण्याने १९८० च्या दशकापर्यंत केलीच नव्हती. मार्च २०१२ मध्ये कुर्नियावानच्या घरावर छापा पडला, तेव्हा हजारो छापील लेबले, जुनी बुचे, शिक्के आणि लाख सापडली. स्वस्तातली जुनी बर्गंडी आणि कॅलिफोर्नियाची तरुण वाइन यांचे मिश्रण करून तो बाटल्या भरत होता. डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला. खटल्यात दोमेनचे तेव्हाचे सहसंचालक ओबेर द व्हिलेन यांनीही साक्ष दिली होती. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याच्या तळघरातल्या सगळ्याच बाटल्या खोट्या नव्हत्या. २०१५ मध्ये अमेरिकी मार्शल सेवेने तज्ज्ञांकडून त्या निवडून घेतल्या. अस्सल ठरलेल्या हजारो बाटल्या लिलावात विकल्या आणि पैसा फसवले गेलेल्यांच्या भरपाईसाठी ठेवला. उरलेल्या पाचशेहून अधिक बाटल्या टेक्सासमधल्या क्रीडमूर येथील कचरा-प्रक्रिया केंद्रात यंत्राखाली फोडण्यात आल्या. काच पुनर्वापराला गेली, वाइन कंपोस्ट खताच्या ढिगात.