न्यूमोनियाचा डाग हटेना

औषध लागू पडलं, की न्यूमोनियाचा ताप साधारण ३ ते ५ दिवसांत उतरतो. छातीचा फोटो मात्र इतक्या लवकर निवळत नाही. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट माणसाच्या फुप्फुसावरचा पांढरा डाग जायला बहुधा ४ आठवडे लागतात. वय झालेलं असेल, मधुमेह किंवा बिडी-सिगारेट असेल, तर १२ आठवडेही. पेशंट जेवतोय, हिंडतोय, फक्त फोटोत डाग आहे, एवढ्यावरून अँटिबायोटिक बदलत बसू नये.

ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि तिथेच खरी गोम आहे. न्यूमोनियावर सर्रास दिलं जाणारं लिव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूंनाही मारतं, पण पुरतं नाही. काही दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि खोकला परत येतो. निदान लांबतं ते लांबतंच, शिवाय उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याची भीती. क्षयाची जराही शंका असेल तर ही गोळी सुरू करण्याआधी बेडका तपासायला जायलाच हवा. सीबीनॅट यंत्र साधारण दोन तासांत सांगतं, की क्षयाचा जंतू आहे का आणि त्याच्यावर रिफाम्पिसिन चालेल का.

बेडक्यात काही निघालं नाही तर सीटी. फुप्फुसाभोवती पू साठलाय, आत गळू झालंय, की श्वासनळीच तुंबलीय, ते त्यात दिसतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल तर तुंबण्याचा विचार आधी करावा. बिडी ओढणाऱ्यात कॅन्सरची गाठ, लहान मुलात शेंगदाणा, म्हाताऱ्या माणसात सुपारीचं खांड. मोठ्यांची उजवी श्वासनळी जास्त रुंद आणि सरळ उतरती, म्हणून ठसका लागून आत गेलेली वस्तू बहुधा तिकडेच जाते. १८९७ साली जर्मनीत फ्रायबुर्गच्या गुस्टाव्ह किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनळीतून हाडाचा तुकडा नळी घालून काढला, आणि दुर्बिणीची तपासणी तिथून रुजली. आता लवचिक दुर्बिणीतून सलाइन सोडून परत ओढतात, लागलंच तर फुप्फुसाचा कणभर तुकडाही काढतात.

त्यात कधी कधी जंतू सापडतच नाहीत. अशा वेळी तो ऑर्गनायझिंग न्यूमोनिया असू शकतो; त्यावर अँटिबायोटिक फुकट जातं, स्टेरॉइड मात्र बहुधा लागू पडतं. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या अमिओडॅरोननेही फुप्फुसावर असाच डाग उमटू शकतो, म्हणून चालू औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे सगळी रिकामी करावी. तान्ह्या बाळाच्या नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरूनही न्यूमोनिया होतो. तेल घालता का, हे आईबरोबर आजीलाही विचारलेलं बरं.