सकाळची मटकी, रात्रीचे वाल, उद्याचा घेवडा

पहाटे ५:३०
पुरचुंडी सोडली की आधी वास घ्यायचा. मटकीला हिरवट, गोडसर वास असला तर काम फत्ते. आंबूस आला तर बांधताना पाणी नीट निथळलेलं नव्हतं. साताऱ्याच्या थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून पुरचुंडी डब्यात घालून तो डबा गव्हाच्या पिंपात खुपसून ठेवते. पावशेर कोरडी मटकी मोड आल्यावर अर्ध्या किलोच्या वर भरते. आमच्या पाच माणसांच्या घरात तेवढ्यात सकाळचे डबे आणि संध्याकाळचं खाणं, दोन्ही भागतं.

६ वाजता
मटकी मुद्दाम जास्त पाण्यात उकळते. दाणा बोटाखाली चेपला पाहिजे, पण फुटता कामा नये. मग चाळणीवर ओतून कळण वेगळं काढायचं. हे कळण मोरीत ओतणाऱ्या घरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उसळीला कांदा, कांदा-लसूण मसाला, वरून मूठभर दाण्याचं कूट. अहोंचा, मुलांचे आणि माझा, सगळे डबे भरून होतात. उरलेली उसळ झाकून ठेवते.

८ ते ५
मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. तिथल्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डबा खाताना मात्र नव्यानं लागलेली एक मुलगी रोज विचारते, "ताई, आजही उसळच?" आजही उसळच. कोरड्या कडधान्यात वजनाच्या जवळपास पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी प्रथिनं असतात, आणि ज्वारी-गव्हात कमी पडणारं लायसिन त्यांत भरपूर असतं. भाकरी-उसळीची जोडी आपल्या आज्यांनी हे काहीही न वाचता जमवली होती.

इकडे घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गच्चीवर कडधान्याला ऊन दाखवतात, सुपात पाखडतात, टोके लागलेत का बघतात आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डबे पुन्हा भरतात. आमचा एकच वाद जुना आहे. त्या म्हणतात, हंगामात वर्षाचं भरून ठेवावं. मी म्हणते, सहा महिन्यांचं पुरे. कडधान्य जुनं होईल तसं कडक होतं, गणंग वाढतात आणि स्वस्तात घेतलेलं गॅसवर फिटतं. तूर्तास त्यांचंच चालतं.

५:३०
मुलं भुकेनं कावलेली. सकाळच्या उसळीत पाणी आणि तिखट घालून उकळी आणायची, वर फरसाण, चिरलेला कांदा. झाली मिसळ.

६ वाजता
आता वाल. ते परवा रात्री भिजवले, काल सकाळी बांधले, आज मोड बोटाच्या पेरापर्यंत आलेत. कोमट पाण्यात घातले की साल सैल होतं. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर. परातीभोवती आई, मी आणि मुलं. बाजारात सोललेल्या बिरड्याचा भाव अख्ख्या वालापेक्षा कितीतरी चढा असतो, तो या अर्ध्या तासाचा.

"आजी, सालासकट केलं तर?"

"कडू होईल. आणि तुझा बाबा ताट पुढे सारेल."

मुलांनी सोललेल्यांत निम्म्या डाळिंब्या दुभंगलेल्या निघतात. चालायचंच. हातांना काम आणि तोंडाला गप्पा, असा वेळ आमच्या घरात दिवसाकाठी एवढाच मिळतो.

७:१५
मोहरी, हिंग, हळद, कांदा. डाळिंब्या घालून झाकणावर पाणी ठेवायचं आणि आच बारीक. ढवळायचं नाही, कढई हलवायची. आमसूल आणि गूळ अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. लवकर शिजावं म्हणून सोडा घालणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की सोड्यानं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही जाते. ओल्या नारळाची चैन रोज परवडत नाही, आम्ही भाजलेलं सुकं खोबरं घालतो. कोकणातल्या वाचकांनी रागावू नये.

दुसऱ्या शेगडीवर सकाळच्या कळणाला लसूण-जिऱ्याची फोडणी. ते खाली उतरवून जरा निवल्यावर ताक मिसळायचं, म्हणजे फुटत नाही. ज्वारीची भाकरी, बिरडं, कळण. भाजी विकत आणावी लागली नाही.

९:३०
ओटा पुसून झाला की शेवटचं काम, उद्याचा घेवडा निवडून भिजत घालणं. आमच्या जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, गुलाबीसर, अंगावर लालसर रेघा. त्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मोडांची भानगड नाही, रात्रभर भिजला की सकाळी कुकरला लावायचा. फक्त एक पथ्य पाळा. भिजवलेलं पाणी ओतून द्या, नवं पाणी घाला आणि घेवडा असो की राजमा, मंद आचेवर नुसता कोमट करत ठेवू नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या दाण्यातल्या विषारी घटकानं उलट्या-जुलाब होतात. तो घटक पूर्ण खळखळत्या उकळीनंच जातो. कुकर नसेल तर पातेल्यात आधी अर्धा तास खळखळून उकळा, मग आच कमी करा.